निवड कोणाची? देवाचे बोलावणे आणि मनुष्याची इच्छा

शास्त्रपाठ : अनुवाद ३०:११–२०, यहोशवा २४:१४–२७, लूक १५:११–३२, फिलिप्पैकरांस पत्र २:१२, १३.



गावोगावच्या मंडळ्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या वेशांत आमच्यापुढे येत असतो. दारूच्या नादी लागलेला म्हणतो, "आमच्या नशिबातच हे होते." उपासनेकडे पाठ फिरविलेला म्हणतो, "देवाचे बोलावणे आले म्हणजे येऊ." जिचा मुलगा विश्वासापासून दूर गेला ती माउली डोळ्यांस पदर लावून विचारते, "देवाने माझ्या लेकरास निवडलेच नव्हते काय?" आणि मंडळीत बरीच वर्षे काढलेला एखादा गृहस्थ अभिमानाने सांगतो, "आम्ही आमच्या हिमतीने ख्रिस्ती झालो." ह्या चौघांची बोली वेगळी दिसते, पण सर्वांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. मनुष्यास जीवनात आणि विश्वासात खरोखर निवड करिता येते काय, की सर्व काही आधीच ठरलेले आहे?

हा केवळ पंडितांचा वाद आहे असे कोणी समजू नये. त्या माउलीचे सांत्वन कसे करावे, त्या दारूबाजाशी काय बोलावे, आणि जिज्ञासू बाप्तिस्मा मागावयास आला असता त्यास काय विचारावे, हे सर्व ह्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून ह्या धड्यात आपण त्याचा क्रमाने विचार करू.

१. जे आपल्या हाती नाही

पुष्कळ गोष्टी आपल्या निवडीच्या नाहीत, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. आपण कोणाच्या पोटी जन्मावे, कोणत्या गावी, कोणत्या जातीत, काळ्या की गोऱ्या कातडीत, हे आपणांस कोणी विचारले नाही. पाऊस किती पडावा, विहिरीस पाणी लागावे की नाही, हेही आपल्या हाती नाही. आमच्या देशात मूल जन्मल्यावर पाचवी-सहावीच्या रात्री कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल आहे. त्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी त्याचे पुढचे आयुष्य लिहिते, असा समज आहे. त्यावरूनच "दारिद्र्य आमच्या पाचवीलाच पुजलेले आहे" असे आपण बोलतो. ख्रिस्ती झालेल्या घरांतूनही ही म्हण अजून गेलेली नाही.

ह्या समजुतीत अर्धे सत्य आहे. आपल्या आधी पुष्कळ काही ठरलेले असते, हे ते अर्धे सत्य होय. परंतु उरलेले अर्धे असत्य आहे, आणि त्या असत्याने आमच्या लोकांचे किती नुकसान केले ते पाहा. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांस गावाने वेशीबाहेर ठेविले, मेलेली जनावरे ओढावयास लाविले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, आणि वर सांगितले की, हे तुमच्या कपाळी लिहिले आहे. बंधूंनो, ते लिहिणे सटवाईचे नव्हते व देवाचेही नव्हते. ते मनुष्यांच्या हातचे होते. जे मनुष्याने लिहिले ते पुसण्याचा अधिकार मनुष्यास आहे, हे ज्या दिवशी आमच्या पूर्वजांस उमगले त्या दिवशी त्यांची मान वर झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या मंडळीतले नव्हेत, आणि त्यांची वाट आमच्या वाटेहून वेगळी होती. तथापि त्यांचे उदाहरण येथे प्रामाणिकपणे घेतले पाहिजे. १९३५ साली येवले येथे त्यांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो ह्यास आपला इलाज नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. ह्यानंतर एकवीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. जन्म हाती नाही, पण पुढची वाट हाती आहे, हा भेद त्यांनी लाखो लोकांस समजावून दिला. तो भेद खरा आहे, आणि पवित्र शास्त्रही तो मान्य करिते.

२. शास्त्र दोन्ही बाजू सांगते

मोशेने मरणापूर्वी इस्राएल लोकांपुढे जीवन व मरण, आशीर्वाद व शाप ही दोन्ही ठेविली आणि जीवन निवडण्यास त्यांस आर्जवाने सांगितले. देवाची आज्ञा आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही, तुमच्या अगदी जवळ आहे, असेही तो म्हणाला. ज्यास निवड करिताच येत नाही त्यास निवड कर असे सांगणे म्हणजे थट्टा झाली असती. देव आपल्या लेकरांची थट्टा करीत नाही.

परंतु तेच शास्त्र दुसरीकडे सांगते की, शिष्यांनी प्रभूस निवडले नव्हते, प्रभूने त्यांस निवडले होते (योहान १५:१६). आणि पित्याने ओढून घेतल्यावाचून कोणीही प्रभूकडे येऊ शकत नाही (योहान ६:४४). फारोची गोष्ट वाचा (निर्गम, अध्याय ८ व ९). एके ठिकाणी त्याने स्वतःचे मन कठीण केले असे लिहिले आहे, तर पुढे देवाने ते कठीण केले असे लिहिले आहे. लेखकास ह्यात काही विरोध दिसला नाही. फारोने वारंवार नाही म्हटले, आणि अखेर त्याचे ते नाही म्हणणेच दगडासारखे घट्ट झाले. देवाने त्यास त्याने निवडलेल्या वाटेवर सोडून दिले.

ह्या दोन्ही बाजू पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना एकाच वाक्यात आणिल्या आहेत. तुम्ही आपले तारण भीत व कापत साधून घ्या, असे तो सांगतो. आणि त्याचे कारण असे देतो की, इच्छा करणे व कृती करणे ही दोन्ही तुमच्यामध्ये देवच घडवीत आहे. पौल असे म्हणत नाही की, देव करीत आहे म्हणून तुम्ही स्वस्थ बसा. तो म्हणतो, देव करीत आहे म्हणूनच तुम्ही कामास लागा.

शेतकऱ्यास हे समजावयास कठीण नाही. पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही. पण पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे पाभर घेऊन शेतात जाणे त्याच्याच हाती आहे. पाऊस नसता कोणी कितीही कष्ट केले तरी कोरड्या ढेकळांत बी उगवत नाही. आणि वाफसा आला असता जो पारावर गप्पा मारीत बसला त्यास पावसाने काय लाभ? पीक आले म्हणजे शहाणा शेतकरी "मी पाऊस पाडला" असे म्हणत नाही. आणि बी पेरलेच नाही त्याने "माझ्या नशिबात पीक नव्हते" असे म्हणू नये. कृपा ही पावसासारखी आहे व विश्वास ही पेरणी आहे. वाफसा फार दिवस टिकत नाही, म्हणून शास्त्र आजच्या दिवसावर इतका भर देते.

३. चाकोरीत पडलेले चाक

आता कोणी विचारील, "इच्छा आपल्या हाती आहे, तर मग मनुष्य ठरवूनही वाईट का सोडीत नाही?" पौलाने हीच तक्रार स्वतःविषयी केली आहे. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि जे नको ते होऊन बसते, असे त्याने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिले.

पावसाळ्यात गाडीवाट पाहा. पहिली गाडी ज्या बाजूने गेली ती तिच्या धन्याने निवडली होती. तिच्यामागून दुसरी गेली, दहावी गेली, आणि चाकोरी खोल झाली. आता नवा गाडीवान बैलांस कितीही हाका मारो, चाक आपोआप चाकोरीत जाते व बाहेर निघत नाही. आपल्या इच्छेचे असेच आहे. काही चाकोऱ्या आपण स्वतः पाडिल्या, काही आपल्या बापदादांनी, काही साऱ्या गावाने. ख्रिस्ती शास्त्रात ह्यास पापाचे दास्य म्हटले आहे. मनुष्यास इच्छा आहे, पण ती रुतलेली आहे.

मंडळीच्या इतिहासात ह्या विषयावर मोठे वाद झाले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या एका साधूने असे शिकविले की, मनुष्याने मनावर घेतले तर तो आपल्या बळाने देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन ह्याने त्यास उत्तर दिले की, कृपेवाचून रुतलेली इच्छा उठत नाही. आणि ४१८ साली कार्थेज येथील सभेने पेलागियसचे मत नाकारिले. पुढे १५२४ साली इरॅस्मसने इच्छेच्या स्वातंत्र्याचा पक्ष घेऊन ग्रंथ लिहिला, आणि १५२५ साली लूथरने इच्छेच्या दास्याविषयी लिहून त्याचे खंडन केले. हॉलंडात आर्मिनियसच्या अनुयायांचा व कॅल्विनच्या मताच्या लोकांचा वाद १६१८–१९ साली डॉर्टच्या सभेपुढे आला. अठराव्या शतकात जॉन वेस्ली ह्याने शिकविले की, कृपा सर्वांच्याच पुढे धावते आणि होय म्हणण्याचे बळ देते, पण मनुष्य तिला नाकारू शकतो.

आमच्या महाराष्ट्रात सुवार्ता आणणाऱ्या मिशनांत ह्या दोन्ही पक्षांचे वारस होते. स्कॉटिश मिशन प्रेस्बिटेरियन होते, अमेरिकन मराठी मिशन काँग्रेगेशनल होते, आणि मेथडिस्ट वेस्लीचे अनुयायी होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ह्या निरनिराळ्या परंपरांतील अनेक मंडळ्या एका मेजाभोवती आल्या. हा वाद मिटविल्याशिवाय एकत्र येता येणार नाही असे त्यांनी म्हटले नाही. कारण दोन्ही पक्ष एका गोष्टीविषयी एकमत होते: रुतलेल्या चाकास खांदा देणारा दुसरा कोणी पाहिजे. तो खांदा ख्रिस्ताने दिला आहे. पण खांदा लागला असता गाडीवानाने बैल वळवावेच लागतात.

४. देव दार उघडे ठेवितो

देव सर्वसमर्थ असता मनुष्यास ओढून का आणीत नाही? ह्याचे उत्तर प्रभूने उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात दिले आहे. धाकट्याने वाटणी मागितली तेव्हा बापाने त्यास कोंडून ठेविले नाही. तो दूर देशी गेला तेव्हा त्याच्यामागे माणसे पाठवून त्यास बांधून आणिले नाही. पण तो दूर असतानाच बापाने त्यास पाहिले, म्हणजे बापाची दृष्टी वाटेवरच होती. थोरला मुलगा रागावून बाहेर उभा राहिला तेव्हा बाप स्वतः बाहेर येऊन त्याची विनवणी करू लागला. तो आत गेला की नाही हे प्रभूने सांगितलेच नाही. तो निर्णय थोरल्या मुलाचा होता, आणि आज तो वाचणाऱ्याचा आहे.

तसेच त्या श्रीमंत तरुणाविषयी (मार्क १०:१७–२२) लिहिले आहे की, प्रभूने त्याच्यावर प्रीती केली. आणि तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा प्रभूने त्यास जाऊ दिले. प्रभूने आपली मागणीही कमी केली नाही. ज्या प्रीतीत नाही म्हणावयास जागा नाही तिला प्रीती म्हणत नाहीत, वेठबिगार म्हणतात. वेठ म्हणजे काय हे आमच्या लोकांस सांगावयास नको.

ह्याचे एक उदाहरण आमच्याच भाषेत आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक वाचले, पुष्कळ झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. भाकीत प्रवाशाने केले, पण वाचन, झगडा व निर्णय टिळकांचा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. त्यांस दुःखाचा डोंगर कोसळल्यासारखे झाले व काही वर्षे दोघांचा वियोग झाला. पुढे त्या पतीकडे येऊन राहिल्या, तेव्हाही आपला धर्म व आपले सोवळे पाळीत राहिल्या. टिळकांनी त्यांस बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने केला की मनुष्याने, ह्या विचाराने लक्ष्मीबाईंच्या मनात आपणच उलथापालथ झाली, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईने पाच वर्षे नाही म्हटले तिच्या होय म्हणण्यास किती वजन आले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारा प्रत्येक जण जाणतो. टिळकांनी घाई केली असती तर घरात एक नाव वाढले असते, पण साक्षीदार मिळाला नसता.

५. बाप्तिस्म्यापूर्वी काय सांगावे

उपदेशक बंधूंनो, आता हे तुमच्याकरिता विशेष लिहितो. यहोशवाने शखेमात लोकांस आज कोणाची सेवा करणार ते निवडा असे सांगितले, हे आपणां सर्वांस पाठ आहे. पण पुढचा भाग आपण कमी वाचतो. लोक लगेच होय म्हणाले तेव्हा यहोशवास आनंदाचे भरते आले नाही. तुम्हांस परमेश्वराची सेवा करवणार नाही, तो पवित्र देव आहे, असे म्हणून त्याने त्यांस थांबविले. ते पुन्हा होय म्हणाले तेव्हाच त्याने त्यांस त्यांच्याच शब्दांचे साक्षी ठेविले व दगड उभा केला. प्रभूनेही बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा असे सांगितले आहे (लूक १४:२८).

तो खर्च जिज्ञासूस स्पष्ट सांगा. १८५० पूर्वी धर्म बदलणाऱ्याचा वडिलार्जित मालमत्तेवरील हक्क जाण्याचे भय असे. त्या वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने ते दूर केले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारताच्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. परंतु त्याच वर्षी निघालेल्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने त्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या; ख्रिस्ती झालेल्यांस त्या दोन्ही वेळी मिळाल्या नाहीत. हे अन्यायाचे आहे असे आम्ही मानितो. तथापि ते लपवून कोणास पाण्यात उतरविणे हाही अन्यायच आहे. ज्यास किंमत माहीत नाही त्याची निवड पुरी निवड नव्हे.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही. काही जणांस हे ऐकून धास्ती वाटते. परंतु मनुष्याचे मन पालटणे हे आमचे काम आहे असे आमचे शास्त्र कधीच म्हणत नाही. साक्ष देणे आमचे, पालटणे देवाचे, होय म्हणणे ज्याचे त्याचे. म्हणून धान्य, औषध, नोकरी किंवा लग्न ह्यांचे आमिष दाखविणे हे कायद्याच्या आधी सुवार्तेच्याच विरुद्ध आहे. घरधन्याने हात वर केला म्हणून सुनेचा व तरण्याताठ्या मुलाचा होकार गृहीत धरू नका. प्रत्येकास वेगळे बसवून विचारा, आणि नाही म्हणणाऱ्याशी पूर्वीइतकीच माया ठेवा.

बाप्तिस्मा झाला म्हणजे निवड संपली असेही समजू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण ख्रिस्ताची खरी ओळख आपणांस त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली, अशी साक्ष त्यांनी स्वतः लिहून ठेविली. देव घाई करीत नाही व थकतही नाही.

६. त्या चौघांस उत्तर

दारूच्या नादी लागलेल्या भावास सांगा : हे तुझ्या कपाळी कोणी लिहिले नाही. ही चाकोरी आहे. खोल आहे, आणि एकट्याने निघणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही खांदा देतो, देव बळ देतो. तू आज बैल वळव. असे सांगून घरी जाऊ नका. उद्या सायंकाळी, ज्या वेळी त्याचे पाय गुत्त्याकडे वळतात त्या वेळी, त्याच्या दारी जाऊन बसा.

बोलावण्याची वाट पाहणाऱ्यास सांगा : बोलावणे आले आहे. तू ज्या तोंडाने "बोलावले म्हणजे येईन" म्हणतोस, त्याच कानांनी ते कित्येकदा ऐकले आहेस.

हिमतीचा अभिमान बाळगणाऱ्यास सांगा : तू पेरलेस हे खरे, पाऊस कोणाचा होता?

आणि त्या माउलीस काय सांगावे? तिच्या मुलास देवाने निवडले की नाही, ह्याचा निकाल देण्यास देवाने आम्हांस बसविले नाही. ज्या ऑगस्टीनाचे नाव वर आले, तो तरुणपणी विश्वासापासून दूर भटकला होता. त्याची आई मोनिका अनेक वर्षे त्याच्यासाठी रडत व प्रार्थना करीत राहिली. ३८७ साली मिलान शहरी त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती समाधानाने मरण पावली. प्रत्येक आईस हा दिवस डोळ्यांनी दिसतोच असे आम्ही म्हणत नाही. पण मुलाच्या इच्छेवर आईचा ताबा नसला तरी तिच्या प्रार्थनेस देवाचा कान आहे, आणि वाटेवर दृष्टी लावून बसण्यात ती एकटी नाही. बापही तेथेच बसला आहे. तिने मुलास शिव्याशाप देऊ नये, त्याच्यामागे धाक लावू नये, आणि दारास कडीही घालू नये.

घरोघरी विचार करण्याकरिता प्रश्न

१. आमच्या घरात "नशिबात होते" असे आम्ही कशाकशाविषयी म्हणतो? त्यांपैकी कोणत्या गोष्टी मनुष्यांनी लिहिलेल्या आहेत?
२. यहोशवाने लोकांस आधी का थांबविले?
३. आमच्या मंडळीत कोणाचा होकार न विचारता गृहीत धरला आहे काय?
४. कोणाच्या रुतलेल्या चाकास ह्या आठवड्यात आपण खांदा देऊ शकतो?

प्रार्थना : हे स्वर्गीय बापा, आम्ही तुला शोधण्यापूर्वी तू आम्हांस शोधिलेस. आमची रुतलेली इच्छा मोकळी कर. नशिबाची सबब आमच्या तोंडून व आमच्या हिमतीचा गर्व आमच्या मनातून काढून टाक. जे अजून बाहेर उभे आहेत त्यांच्यासाठी तुझ्यासारखे थांबावयास आम्हांस शिकीव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.